सागाचा डोंगर, कापसाचे रान : आर्वीच्या टेकड्यांवरील झाडांचा इतिहास

१/२१
वर्धा जिल्ह्यातील नवरगावच्या परिसरात, काळ्या खडकाच्या थरांमध्ये ताडवर्गीय झाडांची खोडे दगड होऊन पडलेली सापडली आहेत. आज त्याच टेकड्यांवर ताडाचे बन नाही. तेथे साग आहे, ऐन आहे, धावडा आहे आणि माथ्यावर पांढुरक्या सालीची सालई आहे. ताडाची जागा सागाला कशी मिळाली? डोंगराच्या कोणत्या भागात कोणते झाड उभे राहील, हे कोण ठरवते? खडक, पाऊस, उंची, वणवा, नांगर की कायदा? आर्वीच्या उत्तरेकडील टेकड्यांच्या आधाराने या प्रश्नाचा हा मागोवा.

२/२१
प्रथम जागा पाहू. आर्वी हे वर्धा जिल्ह्याच्या वायव्येचे जुने गाव. तेलंगराव वली यांनी ते वसवले अशी परंपरा असून ‘आर्वी तेलंगराव’ हे नाव त्यावरूनच पडले. पश्चिमेला वर्धा नदी वाहते आणि तिच्या पलीकडे अमरावती जिल्हा सुरू होतो. आजचे आष्टी आणि कारंजा (घाडगे) हे तालुके पूर्वी आर्वी तालुक्यातच होते. या जुन्या तालुक्याचा दक्षिण भाग काळ्या मातीचे सपाट रान, तर उत्तर भाग सातपुड्याच्या तुटक फाट्यांचा. या फाट्यांतील गरमसूरचा डोंगर सुमारे ६०० मीटर उंच. हिमालय किंवा सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ही टेकडीच वाटेल. पण झाडांच्या दृष्टीने हे दोन-तीनशे मीटरचे अंतर फार मोठे आहे.

३/२१
या कथेचा पहिला लेखक खडक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांच्या काठी झाडे वाढली आणि पुढच्या लाव्ह्याने ती गाडली गेली. नवरगावचे अश्मीभूत ताड हे त्याच तळ्यांकाठचे रहिवासी. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगावकलान येथे तर निपा या खाडीकाठच्या ताडाची फळेही अश्मरूपात सापडली आहेत. तेव्हा भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. हवामान दमट होते. ते जंगल गेले. त्याला गाडणारा बेसाल्ट मात्र राहिला, आणि पुढच्या प्रत्येक जंगलाने आपली मुळे त्याच्यातच रोवली.

४/२१
बेसाल्ट झिजला की त्याची माती होते. पण ती सर्वत्र सारखी होत नाही. माथ्यावरची माती प्रत्येक पावसाळ्यात वाहून जाते आणि मागे मुरूम व उघडा खडक उरतो. उतारावर मध्यम खोलीची, पाण्याचा सहज निचरा होणारी, चुनायुक्त माती टिकते. वाहून आलेले सर्वांत बारीक कण पायथ्याशी आणि सपाटीवर साचतात; तीच कापसाची काळी कसदार जमीन. पावसाळ्यात ही जमीन फुगून चिकट होते, तर उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एकाच खडकाची ही तीन रूपे एका टेकडीच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाहता येतात.

५/२१
झाडांनी आपापली रूपे निवडली. माथ्याच्या मुरमावर सालई आणि कुलू उभे राहतात. खोडात पाणी साठवणारी, खडकाच्या फटीत मूळ घालणारी ही झाडे. उतारावर साग, आणि त्याच्या सोबतीला ऐन, धावडा, तेंदू, मोह, चारोळी, आवळा. ओढ्याच्या काठाला अर्जुन आणि जांभूळ. खाली काळ्या मातीत बाभूळ, हिवर, बोर. सागाला खोल काळी जमीन मानवत नाही, कारण तिच्यात पावसाळ्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात भेगा पडताना कोवळी मुळे तुटतात. बाभूळ मात्र तेथे सुखाने वाढते. म्हणून आर्वीकडून उत्तरेला चालत गेल्यास झाडांच्या बदलावरूनच मातीची खोली ओळखता येते.

६/२१
दुसरा लेखक पाऊस. वर्धा जिल्ह्यात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. युरोपातील अनेक हिरव्यागार प्रदेशांपेक्षा हा आकडा मोठा आहे. पण तेथील पाऊस वर्षभर वाटलेला असतो. येथील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले सात-आठ महिने झाडाने मुळाशी राहिलेल्या ओलीवर काढायचे. सागाने यावर काढलेला मार्ग म्हणजे पानझड. उन्हाळ्यात पानेच नसली की पाणी गमावण्याचा प्रश्न उरत नाही. उष्ण प्रदेशातील जंगलाचे रूप एकूण पावसापेक्षा कोरड्या महिन्यांच्या संख्येवर अधिक अवलंबून असते, याचे उदाहरण म्हणून या टेकड्यांकडे बोट दाखवता येते.

७/२१
तिसरा लेखक उंची. १८०२ मध्ये जर्मन निसर्गवेत्ता अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो या ज्वालामुखीवर चढला. पायथ्याला ताड आणि केळी, मध्ये ओक, वर झुडपे, त्याहून वर गवत आणि शेवटी बर्फ, असे वनस्पतींचे पट्टे त्याने नोंदवले. १८०७ मध्ये ते एका भव्य चित्रात मांडले आणि पर्वतावरील वनस्पतींच्या अभ्यासाचा पाया घातला. त्यामागचे गणित साधे आहे. दर हजार मीटरला हवा सहा ते साडेसहा अंशांनी थंड होते. हे गणित गरमसूरला लावले, तर पायथा आणि माथा यांत फरक पडतो जेमतेम दोन अंशांचा. तेवढ्याने ताडाचा ओक होत नाही.

८/२१
मग कमी उंचीच्या डोंगरावर उंचीला अर्थ काय? येथे उंची काम करते ती इतर गोष्टींच्या द्वारे. उतार पाण्याचा निचरा करतो, माती पातळ करतो आणि सावलीची दिशा ठरवतो. उत्तराभिमुख उतारावर हिवाळ्यातील ऊन तिरके पडते, त्यामुळे ओल अधिक काळ टिकते. दक्षिणाभिमुख उतार लवकर वाळतो. एकाच टेकडीच्या दोन बाजूंना जंगलाची दाटी वेगळी दिसते ती यामुळे. हिवाळ्याच्या रात्री जड थंड हवा दरीच्या तळाशी उतरून साचते. सातपुड्याच्या उंच पठारांवरील काही खोलगट मैदानांत त्यामुळे दहिवर गोठते, कोवळी रोपे करपतात आणि झाडांऐवजी गवतच टिकून राहते.

९/२१
उंची आणि पाऊस एकत्र आले की चित्र कसे पालटते, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातच तीन पायऱ्या आहेत. पहिली आर्वीची टेकडी. दुसरी मेळघाटातील चिखलदरा : सुमारे १,१०० मीटर उंच, अधिक पावसाचे, विदर्भात कॉफी पिकणारे एकमेव ठिकाण; तरीही भोवतीच्या उतारांवर राज्य सागाचेच. तिसरी महाबळेश्वर : सुमारे १,४०० मीटर उंच आणि पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. तेथे जांभूळ, अंजनी आणि पिसा यांचे बुटके, दाट, सदाहरित जंगल आहे. त्याच डोंगरावरून पूर्वेला पाचगणीमार्गे वाईकडे उतरताना काही किलोमीटरांत पाऊस अनेक पटींनी घटतो आणि सदाहरित जंगल संपते. उंचीपेक्षा डोंगर ढगांच्या वाटेत उभा आहे की पाठीमागे, हे अधिक निर्णायक ठरते.

१०/२१
हा संबंध देशाच्या नकाशावर मांडण्याचे काम डीट्रिख ब्रँडिस यांनी केले. जर्मनीत वनस्पतिशास्त्र शिकलेले ब्रँडिस १८५६ पासून ब्रह्मदेशात पेगूच्या सागवनांची व्यवस्था पाहत होते. पुढे ते हिंदुस्थानचे पहिले इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स झाले. १८७२ च्या सुमारास त्यांनी हिंदुस्थानातील वनांच्या वितरणावर निबंध लिहून शुष्क, कोरडे आणि ओले असे पावसाचे पट्टे व त्यांतील जंगले यांची सांगड घातली. हा निबंध शास्त्राचा होता, तसाच कारभाराचाही. कोठे कोणते लाकूड मिळेल, हे सरकारला कळणे गरजेचे होते. झाडांचा नकाशा आणि सत्तेचा नकाशा येथून एकाच कागदावर येऊ लागले.

११/२१
पण पावसाच्या पट्ट्यांनी न सुटणारे एक कोडे सातपुड्यात होते : साग आणि साल. मध्य भारतात पश्चिमेकडे सागाचे राज्य, पूर्वेकडे सालाचे. आर्वीच्या टेकड्या सर्वस्वी सागाच्या बाजूच्या. येथे साल नाही. कॅप्टन जेम्स फोर्सिथ १८६२ मध्ये पचमढीच्या पठारावर पोहोचला. त्याचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने या दोन झाडांच्या सीमेची बारकाईने चर्चा केली आणि तिचा संबंध खडकाशी जोडला. काळ्या बेसाल्टच्या प्रदेशात साग फोफावतो, तर साल वालुकाश्मासारख्या खडकांवर, किंचित आम्ल व ओल धरणाऱ्या मातीत रमतो. हा नियम सर्वत्र काटेकोर नाही. पण सागाच्या बाजूने बेसाल्टची साक्ष भक्कम आहे.

१२/२१
फोर्सिथच्या नोंदीतील सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेच आहे. पचमढीच्या पायथ्याशी देनवा नदीच्या खोऱ्यात त्याला सालाचे एक एकाकी बेट आढळले. मुख्य सालवन तेथून पूर्वेला कित्येक मैल दूर. मधला मुलूख सागाचा. आणि त्या बेटात साल एकटा नव्हता. पूर्वेकडील सालवनांत आढळणारा बारशिंगा आणि लाल रानकोंबडाही तेथे होता. समुद्राने वेढलेल्या बेटाप्रमाणे सागाच्या समुद्रात सालाचे एक संपूर्ण जग शिल्लक होते. बिया वाऱ्याने उडून आल्या असे म्हणावे, तर बारशिंगा कसा आला? म्हणजे हे दोन प्रदेश एके काळी सलग असले पाहिजेत, हा तर्क आपोआप पुढे येतो.

१३/२१
येथे चौथा लेखक येतो : काळ. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळाशी साचलेल्या गाळाचा अभ्यास झाला आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासूनची काही सहस्रके मध्य भारतात आजच्यापेक्षा अधिक ओली होती आणि नंतर हवामान कोरडे होत गेले, असे त्या थरांवरून दिसते. साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा दीर्घ अवर्षणाचा काळही त्यांत उमटला आहे. ओलसर काळात सालासारख्या झाडांचा पसारा मोठा असणे आणि कोरड्या काळात तो ओलाव्याच्या कोनाड्यांत आकसणे, हे देनवाच्या बेटाचे पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. आजच्या पावसाचे आकडे कितीही अचूक असले, तरी कालचा पाऊस ठाऊक नसेल तर आजचे जंगल पुरते उलगडत नाही.

१४/२१
याच विचाराची झेप १९४९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी आणखी लांब नेली. ईशान्य भारतातील काही मासे आणि वनस्पती मधला सारा प्रदेश सोडून थेट सह्याद्रीत का आढळतात? होरांचे उत्तर होते : विंध्य-सातपुड्याच्या रांगा एके काळी अधिक ओल्या व सलग होत्या आणि त्या पुलावरून ही जीवसृष्टी पश्चिमेला आली. ही ‘सातपुडा उपपत्ती’ पुढे बरीच वादग्रस्त ठरली. वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या काळात विलग झाल्याचे आनुवंशिक पुरावे सांगतात. तरी पचमढीच्या ओल्या दऱ्यांत आजही उभे असलेले वृक्षनेचे पाहिले, की होरांचा प्रश्न खरा होता हे पटते. आर्वीच्या टेकड्या या रांगेच्या दक्षिणेकडील कोरड्या कडेला येतात. ओलावा मागे हटला, तेव्हा अशा कडा सर्वांआधी वाळल्या असणार.

१५/२१
पाचवा लेखक माणूस, आणि तो इंग्रजांबरोबर आला नाही. आर्वीच्या पश्चिमेला वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे. उत्खननात तेथे लोहयुगापासूनच्या वस्तीचे अवशेष मिळाले. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाणकालीन लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. लोखंड गाळायला कोळसा लागतो आणि कोळशाला लाकूड. त्या लोखंडाची कुऱ्हाड झाली, फाळ झाला. विदर्भाच्या काळ्या सपाटीवरचे जंगल अडीच हजार वर्षांहून अधिक काळ नांगराच्या मुखात आहे. जंगल डोंगरावरच का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे : डोंगर झाडांना आवडतो म्हणून जितके, तितकेच नांगराला तो आवडत नाही म्हणून.

१६/२१
माणसाचे दुसरे अवजार वणवा. मोह वेचण्यासाठी जमीन साफ करणे, नवे गवत फुटवणे, फिरती शेती करणे अशा अनेक कारणांनी सातपुड्यात उन्हाळ्यात आग लावली जाई. सागाला ती सोसते. मोठ्या झाडाची साल मुळाला व खोडाला राखते, जळालेल्या रोपाला बुंध्यापासून नवे धुमारे फुटतात आणि झाकोळ हटल्याने बी रुजते. १८६४ मध्ये पिअर्सन या वनाधिकाऱ्याने सातपुड्यातील बोरीच्या जंगलात वणवा रोखण्याचा यशस्वी प्रयोग केला आणि तो देशभर आदर्श ठरला. पण शतक संपेपर्यंत ब्रह्मदेशातील वनाधिकारी तक्रार करू लागले, की वणवा थांबला तेथे सागाची नवी पिढीच उगवेना. ज्याला शत्रू समजले, तो सागाचा जुना भागीदार निघाला.

१७/२१
तिसरे अवजार गुरे. आर्वी, आष्टी, कारंजा हा पट्टा गवळाऊ जातीच्या गुरांचे माहेर. पांढऱ्या-करड्या रंगाची, चपळ, दौडीला पक्की ही जात कारंजा भागातील नंद गवळी समाजाने टेकड्यांवरील कुरणांच्या आधारे जोपासली. गुरे कोवळे गवत आणि बहुतेक झाडांची पाने खातात; सागाच्या खरखरीत पानाला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणजे वर्षानुवर्षांच्या चराईनेही सागालाच वाट मोकळी करून दिली. माती सागाच्या बाजूची, वणवा सागाच्या बाजूचा आणि गुरेही सागाच्या बाजूची. कुसळीचे गवत आणि विरळ झाडे असलेला मोकळा माळही याच व्यवहारात टिकून राहिला.

१८/२१
एकोणिसाव्या शतकात हा संथ व्यवहार अचानक वेगाने फिरला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत बनला आणि १८६२ मध्ये वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा झाला. तिकडे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाड-वर्धेच्या कापसाला सोन्याचे मोल आले. हिंगणघाटचा कापूस तर आधीपासूनच नावाजलेला होता. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला. १९१७ मध्ये पुलगाव–आर्वी ही नॅरोगेज गाडी सुरू झाली, तीही मुख्यतः कापसासाठी. सपाटीवर उरलेसुरले झाड कापसाने हटवले. आणि रुळांखाली घालायच्या लाकडी स्लीपरांसाठी साग व साल हवा झाला.

१९/२१
म्हणून सहावा लेखक कायदा. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला आणि त्याहून कठोर अशा १८७८ च्या दुसऱ्याने जंगलाची राखीव, संरक्षित अशी वर्गवारी केली. सरकारी हिशेबात साग हे धन ठरले. धावडा, सालई, मोह यांची किंमत त्यांच्यावर जगणाऱ्यांना ठाऊक होती, पण हिशेबाच्या वहीत ती लहान होती. सागाला जागा मिळावी म्हणून इतर झाडे विरळ केली गेली, अनेक ठिकाणी सागाची लागवडही झाली. सातपुड्यातील गोंड, कोरकू, बैगा यांच्या फिरत्या शेतीवर बंधने आली. चराईला परवाना आणि शुल्क लागले. झाडांचे वितरण बदलताना माणसांचेही वितरण बदलले. हे कोणत्याही पर्जन्यमानाच्या तक्त्यात दिसत नाही.

२०/२१
या सर्व सह्या वेगळ्या ओळखण्याची गरज आज का आहे? कारण झाड नसलेली प्रत्येक जागा ‘उजाड झालेले जंगल’ समजण्याची सवय जुनी आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातील व लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ, काटेरी माळराने ही इंग्रजी काळातील जंगलतोडीची निर्मिती नसून त्यांहून कितीतरी जुनी आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. त्यात आर्वीचा अभ्यास नाही. पण प्रश्न येथेही तोच आहे. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले होते. अशा मोहिमेत किती झाडे लावायची, हे ठरवणे सोपे असते. कोणती आणि कोठे, हे मात्र त्या टेकडीच्या इतिहासाला विचारावे लागते. मुरमाच्या माळावर दाट झाडी लावली तर ती झाडे वाळतात. आणि जगलीच, तर गवळाऊचे कुरण जाते. उलट ओढ्याकाठचा अर्जुन आणि जांभूळ तोडलेला असेल, तर तेथे मोकळी जागा ठेवण्यात काहीच शहाणपण नाही.

२१/२१
याच टेकड्यांतील बोर १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. ज्या उतारांवर नांगर चढला नाही, तेथेच वाघ उरला.

अमरावतीहून नागपूरला जाणारा महामार्ग तळेगाव, कारंजा, कोंढाळी असा याच डोंगराळ पट्ट्यातून जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानझडीच्या दिवसांत, त्या वाटेने जाताना खिडकीतून पाहावे. बाभळीच्या रांगा मागे पडून पहिला साग दिसला की काळी माती संपली. सागातून अचानक हिरवी रेघ वळत गेली की खाली ओढा आहे. माथ्यावर निष्पर्ण, पांढुरकी सालई उन्हात चमकली की तेथे मुरूम आहे आणि त्याखाली ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. एकाच वयाचे, एकाच उंचीचे, ओळीत उभे असलेले साग दिसले, तर ती ओळ पावसाने आखलेली नाही. ती माणसाच्या हातची आहे. आणि मध्येच गवताचा मोकळा माळ लागला, तर तो कोणी उजाड केला हे विचारण्याआधी तेथे कोणाची गुरे चरत आली, हे विचारावे.